डॉकिंग स्टेशन राहू द्या भाऊ, आधी कार्डाचं बिल काढा

चोपड्याहून एका भाऊंचं पत्र आलंय. सेवा केंद्र चालवतात, सातबारा, केळीचा पीक विमा, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले असलं सगळं. नवीन लॅपटॉपला पोर्ट दोनच, एक टाईप-सी, त्यात चार्जर, उरलं एक. त्या एकावर तीनशे रुपयांचा हब आणि हबवर माउस, वेबकॅम, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, पोर्टेबल हार्डडिस्क. हार्डडिस्क लावली की अंगठ्याचं मशीन गायब, म्हातारी बोट दाबून बसलेली आणि स्क्रीन म्हणते डिव्हाइस सापडत नाही. दुकानदार म्हणतो 16 हजारांचं डॉकिंग स्टेशन घ्या, म्हणजे एका वायरीवर सगळं जोडणारा मोठा डबा, क्रेडिट कार्डावर ईएमआय करून देतो. "आते काय करू?"

नका घेऊ. तुमचं पोर्ट कमी नाही पडत, करंट कमी पडतोय. यूएसबी 3 च्या एका पोर्टमधून साधारण 900 मिलिअँप मिळतो, जुन्या यूएसबी 2 मधून 500, आणि साधा हब तेवढाच सगळ्यांत वाटतो. हार्डडिस्क फिरायला लागली की एकटीच बराचसा खाऊन टाकते. स्वतःचा अडॅप्टर असलेला पॉवर्ड हब घ्या, दीड-दोन हजारात बऱ्यापैकी येतो, प्रिंटरला वायफाय असेल तर त्याची वायर काढूनच टाका. डॉकिंग स्टेशन दोन-तीन मॉनिटर लावणाऱ्यांसाठी, अंगठ्याच्या मशीनला त्या स्पीडचं काय करायचंय.

हे झालं. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कार्डावर आधीच 45 हजार आहेत, पॉलिसीचा दुसरा हप्ता त्यावरून भरला, दर महिन्याला मिनिमम भरतो, पण पॉलिसी पाच वर्षांत डबल होणार म्हणून टेन्शन नाही. भाऊ, मला ते वाचूनच टेन्शन आलं.

तुम्ही पाठवलेला पॉलिसीचा फोटो मोठा करून वाचला. पाच वर्षं फक्त भरायचं आहे, वर्षाला 50 हजार, म्हणजे अडीच लाख, आणि पाच लाख मिळणार पंधराव्या वर्षाच्या शेवटी. पॉलिसी गळ्यात मारणाऱ्या तुमच्या मावसभावाने "पाच वर्षं" आणि "डबल" हे दोन शब्द सांगितले, मधले दहा गिळले. हिशोब केला तर वर्षाला साडेपाच टक्के पडतात. आणि कार्ड? महिन्याला साडेतीन टक्के, वर जीएसटी, म्हणजे तुमच्या 45 हजारांवर महिन्याला 1,850 च्या आसपास, वर्षाला 22 हजार. तुमचा हब एका महिन्याच्या व्याजात येतो! शिवाय बाकी राहिली की नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू, म्हणजे घरचा किराणा कार्डावर घेत असाल तर त्यालाही व्याज.

आणि बँकेत 50 हजारांची एफडी ठेवलीय साडेसहा टक्क्यांनी, "मुलीची आहे, मोडायची नाही". सव्वातीन हजार मिळवायला 22 हजार घालवताय आणि ते मुलीच्या नावाने. मोडा ती, दंड कापला तरी चालेल, कार्ड पूर्ण भरा.

तिसरा हप्ता भरू नका. तीस दिवसांत परत करायची मुदत कधीच गेली, पण दोन हप्ते झालेत म्हणजे सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मधेच सोडली तर हातात येणारी रक्कम, निघेल. कंपनीकडून लेखी दोन आकडे मागवा, आता सोडली तर किती आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर शेवटी किती. तोंडी नको, मावसभावामार्फत तर नकोच. आकडे आले की मला पाठवा. पैसे बुडतील थोडे, ते गेलेलेच आहेत.

त्या पॉलिसीत विमा आहे पाच लाखांचा. तुमचा घरखर्च महिन्याला 25 हजार, उद्या तुम्हाला काही झालं तर वीस महिने. वय 34, दोन लेकरं. 50 लाखांचा टर्म विमा, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा साधा विमा, वर्षाला आठ-दहा हजारात येतो, आणि तो हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका.

सोमवारी बँकेत जा, येताना हब घेऊन या, रोख देऊन.