गुरू मिरजेत, कॉलेज पुण्यात: कसं ठरवायचं?

बारावीनंतर गाणंच शिकायचं असं म्हणणाऱ्या मुलांचे पालक आमच्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: "सगळ्यात चांगलं कॉलेज कुठलं?" सांगलीच्या एका कुटुंबाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी अठरा वर्षांची, बारावी विज्ञान. लहानपणापासून मिरजेत एकाच गुरुजींकडे किराणा घराण्याची तालीम, विशारदच्या आधीची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली. तिला पुण्याला जाऊन गाण्यातली पदवी घ्यायची होती. वडिलांचं म्हणणं, "पुढे विशारद होईलच, मग पदवी वेगळी कशाला? बी.एस्सी. करू दे, संध्याकाळी गाऊ दे." गुरुजी काहीच बोलत नव्हते, आणि मुलीला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच होती.

वडिलांच्या मुद्द्याचं आधी बघू. विशारद ही अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा. तिला मान आहे, शिस्तही लागते. पण पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांचा. विशारदवर कुठे एम.ए.ला प्रवेश मिळतो आणि कुठे नाही, हे प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशसूचनेत वाचावं लागतं. क्लासमधल्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. कॉलेजात शिकवायचं तर 55 टक्क्यांसह एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा हा सरळ रस्ता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत कलाकारांसाठी दुसरी वाट ठेवली होती: नामवंत गुरूंकडची तालीम आणि आकाशवाणी-दूरदर्शनचा 'ए' दर्जा. पण तिथेही पदवीची अट होतीच. म्हणजे वडील म्हणतात ती बी.एस्सी. निरुपयोगी नाही, मात्र प्रयोगशाळेची प्रात्यक्षिकं सांभाळून रोज चार तासांचा रियाज होईल का, हे वेळापत्रक समोर ठेवूनच ठरवावं. या मुलीच्या वेळापत्रकात दीड तासाच्या पुढे काही बसेना.

मग प्रश्न उरला कॉलेजचा. पर्याय वेगवेगळ्या जातीचे आहेत आणि पालक ते एकाच तागडीत घालतात. साध्या बी.ए.त संगीत हा अनेक विषयांतला एक असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात भर सादरीकरणावर आहे. 1987 साली सुरू झालेलं हे केंद्र 'गुरुकुल' म्हणवतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सादरीकरण कलांची स्वतंत्र विद्याशाखा आहे, तिचं मूळ 1886 च्या गायनशाळेत. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरूंजवळ राहून शिकता येतं, शिष्यवृत्तीही मिळते, पण ती पदवीची जागा नव्हे.

नावांपेक्षा आम्ही मिनिटं मोजायला सांगतो. दोन तासांच्या वर्गात वीस मुलं असतील तर एकेकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात. म्हणून कॉलेजला विचारायचं ते असं: आठवड्यात एकट्याने गुरूंसमोर किती वेळ बसायला मिळतं? त्या वेळी तबल्याला माणूस असतो की यंत्रावरचा ठेका? माहितीपत्रकातलं भव्य सभागृह वर्षातून चार वेळा उघडत असेल तर त्याचा काय उपयोग!

दुसरा प्रश्न पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा मानून गायचं याचा, आणि हा कुणी विचारतच नाही. ही मुलगी काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गाते. वर्गात मुलगे जास्त असतील तर पेटी काळी दोनला लागते. तिथे खालचा सा धरला तर तिला मंद्रात (खालच्या सप्तकात) उतरता येत नाही, वरचा धरला तर तार सप्तकात घशावर ताण येतो. तडजोड म्हणून पांढरी चार धरली की दोघांचेही हाल. वर्षभर असं गाऊन आवाज बसलेल्या मुली येतात आणि दोष रियाजाला देतात. मुलामुलींच्या तालमीच्या वेळा वेगळ्या आहेत का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींनाच विचारावं. त्यांच्याकडूनच वसतिगृहाचंही कळतं. पहाटे पाचला तानपुरा लावला की शेजारची खोली तक्रार करते, मग खर्जाचा (खालच्या स्वरांचा) रियाज पहिल्या सहामाहीतच सुटतो.

गुरुजींशी मुलीने स्वतः बोलावं असं ठरलं. विचारायचं एवढंच: तिथले गुरू जयपूर किंवा ग्वाल्हेर घराण्याचे निघाले तर मी काय करू? गुरुजींचं उत्तर व्यवहारी होतं. पहिलं वर्ष तिथलं तिथल्यासारखं गा, दोन्हीची भेसळ करू नको, महिन्यातून दोनदा इकडे ये. अशी संमती नसेल तर मूल दोन गुरूंपासून एकमेकांचं शिकणं लपवत बसतं, आणि ते गाण्यात ऐकू येतं.

प्रवेशचाचणीची तयारी हा वेगळाच भाग. तिने मारवा राग निवडला होता, तीन महिन्यांपूर्वी शिकलेला. तो बदलून यमन घेतला, कारण परीक्षक रागाचं नाव नाही, सूर आणि विस्तार ऐकतात. तिचा विलंबित (संथ) एकताल मिनिटाला एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, जाई; दहा मिनिटांच्या सादरीकरणात द्रुत (जलद) बंदिशीला वेळ ठेवून हाती सहाच आवर्तनं, त्यातली दोन मांडणीतच संपायची. लय थोडी वाढवून आवर्तन चाळीस सेकंदांवर आणलं, तेव्हा नऊ मिळाली. रोज पाच अलंकार (स्वरांचे ठरावीक पलटे) आकारात, तीनताल-झपताल-एकताल हातावर दुगुणीसह (दुप्पट लयीत), आणि पेटीवर कुणीही वाजवलेला स्वर ओळखणं. बहुतेक मुलं इथेच अडतात, कारण घरी त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

तबलजीला पट्टी आदल्या दिवशी कळवावी. तिथे काळी एकचा तबला असेल तर काळी चारच्या गायिकेला तो शुद्ध मध्यमात मिळतो. मालकंस रागाला छान, पण यमनात शुद्ध मध्यम वर्ज्य. शेजारी तीव्र म लावायचा आणि तबला शुद्ध वाजत राहायचा! अशा वेळी तबला दोन अर्धस्वर चढवून पंचमात घ्यायला सांगावं, किंवा काळी चारचा मोठ्या तोंडाचा तबला मागावा.

तिने पुण्यात अर्ज केला, बडोद्यालाही केला. सांगलीतल्या बी.एस्सी.ची जागा निकाल लागेपर्यंत धरून ठेवली. फी परत मिळण्याची शेवटची तारीख वडिलांनी कॅलेंडरवर लिहिली. वयाची 18 वर्षं पूर्ण असल्याने केंद्र सरकारच्या तरुण कलाकारांच्या शिष्यवृत्तीचा अर्जही तिने भरला. त्याची वयोमर्यादा 18 ते 25. एकदा मिळाली नाही तर पुन्हा अर्ज करायला तिच्याजवळ वर्षं आहेत.