क्लब ‘उत्तेजक सेवन’ करतो का?

प्रश्न असा आला आहे : ऑस्ट्रेलियातल्या एसेंडन फुटबॉल क्लबमध्ये खेळाडूंना प्रतिबंधित द्रव्य दिल्याच्या प्रकरणावर लिहिताना ‘उत्तेजक सेवनाबद्दल लीगने क्लबला दंड केला’ हे वाक्य बरोबर ठरेल का?

माझ्या मते नाही. ‘उत्तेजक’ एकवेळ चालवून घेऊ. स्टिरॉइड किंवा हार्मोन नेमक्या अर्थाने ‘उत्तेजक’ गटात मोडत नाहीत, पण वर्तमानपत्रांनी हा शब्द त्या सगळ्यांसाठी रुळवला आहे. इथे संशय होता थायमोसिन बीटा-४ या पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनासारख्या छोट्या रेणूवर. ‘प्रतिबंधित द्रव्य’ म्हटलं की वादच मिटतो.

खरी अडचण ‘सेवन’ची आहे. औषधाचं, मद्याचं, अगदी शुद्ध हवेचंही सेवन माणूस स्वतः करतो. एसेंडनमध्ये २०१२च्या हंगामात क्लबनेच कार्यक्रम आखला आणि त्यात खेळाडूंना इंजेक्शनं दिली गेली. त्यांच्या सह्या घेतलेल्या संमतिपत्रांवर नुसतंच ‘थायमोसिन’ लिहिलं होतं, पुढचं ‘बीटा-४’ नाही. ‘टोचून घेतलं’ आणि ‘टोचलं’ यांत मराठी किती सहज फरक करते! या प्रकरणात दोन्ही बाजू आहेत आणि ‘सेवन’ म्हटलं की सगळा भार खेळाडूवर जातो, टोचणारा दिसेनासा होतो. हे मला फार खटकतं.

आता लीगचं. ऑगस्ट २०१३मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने क्लबला २० लाख डॉलर दंड केला, त्या वर्षीच्या अंतिम फेऱ्यांतून बाहेर काढलं, नवे खेळाडू निवडण्याचे काही हक्क काढून घेतले आणि प्रशिक्षक जेम्स हर्ड यांना १२ महिने दूर ठेवलं. पण यातली एकही शिक्षा द्रव्याच्या वापराबद्दल नव्हती. कोणाला काय दिलं जातंय यावर क्लबचा धड ताबाच नव्हता, आणि त्यामुळे खेळाला कमीपणा आला, असा ठपका होता. याला ‘खेळाला बट्टा लावणे’ हा शब्दप्रयोग चपखल बसतो. औपचारिक लिहायचं तर ‘खेळाच्या लौकिकाला बाधा आणणे’. ‘बदनामी’ मात्र नको, तो शब्द कुणाबद्दल तरी वाईट बोलण्याकडे झुकतो.

द्रव्याच्या वापराचा खटला चालला तो ३४ खेळाडूंवर, वेगळा. मार्च २०१५मध्ये लीगच्या न्यायाधिकरणाने पुरेशी खात्री पटत नसल्याचं सांगून त्यांना सोडलं. म्हणून तिथे ‘निर्दोष’ न लिहिता ‘आरोप सिद्ध झाला नाही’ लिहावं. खेळातल्या प्रतिबंधित द्रव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेने अपील केलं आणि जानेवारी २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने निकाल फिरवून दोन वर्षांची बंदी घातली. ती मागच्या तारखेपासून मोजली गेली, तरी २०१६चा अख्खा हंगाम हुकला. चाचणीत मात्र एकही खेळाडू सापडला नव्हता. ‘उत्तेजक चाचणीत दोषी’ हे आपलं ठरलेलं वाक्यही इथे चुकीचं होईल.

२०१३च्या निर्णयापुरतं मी असं लिहीन : ‘प्रतिबंधित द्रव्यांच्या चौकशीनंतर, खेळाच्या लौकिकाला बाधा आणल्याबद्दल लीगने एसेंडनला दंड केला.’