आजच्यापुरती भाकर

बाळा, ख्रिस्ती म्हणून बाप्तिस्मा झाला म्हणजे पैशाची चिंता सुटली, असं समजू नकोस. माझी तर नंतरच वाढली. कारखान्याने तीन महिने पगार थकवला होता. ज्वारीचा डबा तळाला गेला, बायकोने तो उलटा करून पाट्यावर आपटला आणि त्यातून दोन भाकरींचं पीठ निघालं. त्या रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथे जीभ अडखळली. वर्षभराची कणगी नव्हे, आजची भाकर!

पवित्र शास्त्रातल्या निर्गम पुस्तकाचा १६वा अध्याय वाच. रानात इस्राएल लोकांना देव मान्ना नावाचं अन्न आकाशातून देत होता; रोज माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यात किडे पडले. पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं. म्हणजे बचत करणं अविश्वास नव्हे; पोस्टातलं खातं खुशाल चालू ठेव.

मार्गदर्शनाचंही तसंच. पवित्र शास्त्र डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ते वचन धरायचं, हा खेळ मी पुष्कळ केला. सोड तो. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला कावळे भाकरी आणत होते, तरी तो ज्याचं पाणी पीत होता तो करीथ ओहोळ आटलाच; मग सारफथ गावच्या विधवेकडे जायची आज्ञा झाली. पुढचा पत्ता आधी मिळाला नव्हता.

आणि हो, अडचण चर्चच्या पाळकसाहेबांना सांग. आम्हांला तेव्हा मंडळीतल्या एका म्हातारीने पायलीभर ज्वारी आणून दिली. मी लाजून नको म्हणत होतो. बायकोने मुकाट्याने डबा पुढे केला.