वाचकांचे प्रश्न: अ‍ॅम्पची कॅप्चर्स लावायची कशी, मिसळायची कशी?

प्रश्न: लॅपटॉपवर गिटार अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरची ढीगभर कॅप्चर्स (खऱ्या अ‍ॅम्पच्या आवाजाचे डिजिटल नमुने) उतरवून ठेवली आहेत. गणपतीत ऑर्केस्ट्राला ऐनवेळी हवा तो टोन सापडत नाही. कशी लावावीत? (वाचक, खानापूर)

उत्तर: अ‍ॅम्पच्या कंपनीवरून फोल्डर करू नका. आधी बघा, कॅप्चरमध्ये काय काय आलंय: नुसता पेडल, नुसता अ‍ॅम्प, की अ‍ॅम्प, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आणि माइक सगळंच? हे तीन फोल्डर वेगळे हवेतच. नुसत्या अ‍ॅम्पच्या कॅप्चरला पुढे कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅबिनेट आणि माइकचा आवाज टिपलेली फाइल) लागतो; तो नसेल तर आवाज करकरीत, कानाला टोचणारा येतो. उलट, ज्यात कॅबिनेट आधीच आहे त्यावर पुन्हा आयआर चढवला की कॅबिनेट दोनदा लागतं आणि वरची धार जाऊन आवाज कोंदट होतो. ‘हे कॅप्चर बेकार आहे’ अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

कॅप्चर नॉबच्या एकाच स्थितीचं असतं. त्यामुळे गेन, म्हणजे सिग्नल वाढवायचा नॉब, किती होता हे फाइलच्या नावात यायलाच हवं: ‘जेसीएम८००-क्रंच-गेन६-अ‍ॅम्प’. एका अ‍ॅम्पचे कमी, मध्यम आणि जास्त गेनचे तीन नमुने पुरे. निवड करताना सगळ्यांचा आवाज सारखा करून ऐका, कारण जे मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. कार्यक्रमासाठी वेगळा फोल्डर करा. त्यात आठ-दहा कॅप्चर्स आणि त्यांचे आयआर, एवढंच ठेवा.

प्रश्न: एक क्लीन आणि एक हाय गेन कॅप्चर एकत्र लावलं की आवाज भरदार व्हायच्या ऐवजी पातळ होतो. असं का? (वाचक, निपाणी)

उत्तर: पहिला संशय पोलॅरिटीवर (सिग्नल सुलटा आहे की उलटा यावर) घ्या. ट्यूब अ‍ॅम्पमधला जवळजवळ प्रत्येक गेन स्टेज सिग्नल उलटा करतो. क्लीन चॅनेलमध्ये स्टेज कमी, लीडमध्ये (हाय गेनच्या चॅनेलमध्ये) जास्त, म्हणून एक सुलटा तर दुसरा उलटा बाहेर पडू शकतो. दोघांची बेरीज केली की खर्ज खाल्ला जातो. दोन्ही कॅप्चर्स सारख्या आवाजात, मोनोमध्ये लावा, खालची ई तार मोकळी वाजवा आणि एका बाजूची पोलॅरिटी उलटून बघा. ज्या स्थितीत खर्ज भरतो ती ठेवा.

तरीही पोकळ वाटलं तर वेळेचा फरक तपासा. एका कॅप्चरमधला माइक ३४ सेंटीमीटर मागे असेल तर तो आवाज साधारण १ मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला ४८ सॅम्पल (रेकॉर्डिंगमधली मोजमापं). एवढ्याने ५०० हर्ट्‌झला खड्डा पडतो, मग १५०० ला, मग २५०० ला. गिटारचा गाभाच पोखरला जातो. तार हाताने दाबून एकच ‘टक्’ वाजवा, तो दोन्ही कॅप्चर्समधून वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा, झूम करून सुरुवात जुळवा.

याहून सरळ वाट अशी: दोन्ही कॅप्चर्स नुसत्या अ‍ॅम्पची घ्या, आधी मिसळा आणि पुढे दोघांना मिळून एकच आयआर लावा. माइकच्या अंतराचा प्रश्नच उरत नाही, प्रोसेसरवरचा भारही थोडा हलका होतो. क्लीन ६ डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा. हाय गेनचा खर्ज १२० हर्ट्‌झखाली कापला तर पोलॅरिटी पुन्हा तपासा, कारण फिल्टरनेही फेज (लहरीची वेळ) सरकते.

एक डावीकडे, एक उजवीकडे टाकून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण तो फक्त झाकला जातो. मंडपातले स्पीकर मोनोवर असले की आवाज पुन्हा पातळ. म्हणून मिश्रण नेहमी मोनोतच तपासा.

प्रश्न: तेच कॅप्चर मित्राकडे हलकं क्रंच वाजतं, माझ्याकडे फाटतं. गिटारही सारखीच आहे. (वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर: इनपुटची पातळी जुळत नाही. गिटार इंटरफेसच्या (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याच्या) हाय-झी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट इनपुटला जोडा, इंटरफेसचा गेन पूर्ण खाली ठेवा आणि इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी किती डीबीयू (सिग्नलच्या पातळीचं एकक) आहे ते माहितीपत्रकात बघा. समजा ती १२ आहे आणि कॅप्चरच्या माहितीत १८ लिहिलंय. १२ वजा १८, म्हणजे प्लगइनचा इनपुट ६ डेसिबल कमी करा. कॅप्चरमध्ये आकडाच नसेल तर कानावर भिस्त: हलक्या हाताने वाजवल्यावर आवाज स्वच्छ होईपर्यंत इनपुट उतरवा.

प्रश्न: पावसाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर हाय गेनला जोरात भणभण येते. कॅप्चर बदलू का? (वाचक, खानापूर)

उत्तर: बदलून फरक पडणार नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर ५० हर्ट्‌झबरोबर त्याच्या पटीतल्या कंपनसंख्याही सोडतो, सिंगल कॉइल पिकअप त्या उचलतो आणि हाय गेन त्यांना वर आणतो. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. भणभण थांबली तर ती पिकअपमधून येतेय: इन्व्हर्टरपासून लांब बसा, गिटारची दिशा फिरवून बघा. थांबली नाही तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि इंटरफेस लॅपटॉपच्याच यूएसबीवर ठेवा. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) कॅप्चरच्या आधी लावा. गेननंतर सूर आणि भणभण यांच्या पातळीत फरक फार थोडा उरतो, तिथे गेट लावला तर सुरांच्या शेपट्याही कापल्या जातात.