हो म्हणायच्या आधी पेट्रोल मोज

बाय,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला, एकदा पोळ्या लाटताना घाईत आणि एकदा रात्री घरची सगळी निजल्यावर नीट. आपल्या मिस्टरी शॉपिंगचे, म्हणजे गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं आणि बघितलेलं कंपनीला रिपोर्टमध्ये लिहायचं त्या कामाचे, मार्चचे पैसे अजून आले नाहीत, मडगावचा रिपोर्ट रिजेक्ट झाला, आता ती शेड्युलर, व्हिजिट वाटणारी, काणकोणातल्या चावडीचं काम साडेतीनशेत घे म्हणून मागे लागलीय, आणि तू विचारतेस की ताई हे सोडूनच देऊ का. फोनवर मी काहीतरी बोलले असते आणि तू नुसतं हो हो केलं असतंस, म्हणून लिहून पाठवते. लांब होईल, बसमध्ये वाच.

आधी मडगावचं. तुला वेळ दिलेली दुपारी 2 ते 4, तू पोचलीस तर मोबाइलच्या दुकानाचं शटर खाली. अगं आपल्याकडे एक वाजला की बाजार झोपतो हे तुला नी मला माहीत, पण स्लॉट लावणारी मुलगी बसते मुंबईला नाहीतर गुरुग्रामला, तिच्या शीटवर सगळ्या देशाला एकच टायमिंग असतं. ही तुझी चूक नाही. पण तू तिथे उभी राहून रडवेली झालीस आणि परत शटल बस पकडलीस, तिथे मात्र एक काम राहिलं. शटरचा फोटो काढायचा, लोकेशन आणि वेळ दिसेल असा, टायमिंगचा बोर्ड असेल तर त्याचाही, आणि तिथनंच मेल टाकायचा की मी दिलेल्या वेळेत पोचले, दुकान बंद आहे, साडेचारला उघडल्यावर करू की व्हिजिटचे पैसे देताय ते लिहून सांगा. रात्री घरी येऊन सांगितलेलं आणि दारात उभं राहून सांगितलेलं ह्यात कंपनी खूप फरक करते. आणि ह्यापुढे स्लॉट घेतानाच सांग, गोव्यात एक ते चार नको, चवथीच्या आठवड्यात नको, चर्चचं फेस्त असेल त्या गावात त्या दिवशी नको. हे त्यांना कोणी सांगत नाही म्हणून त्यांना कळत नाही, काहींना सांगूनही कळत नाही ते वेगळं.

"गोवा तो छोटा है, एक दिन में चार हो जायेंगे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की काय सांगू. नकाशात छोटा आहेच, 3702 चौरस किलोमीटर, पण पेडण्याहून काणकोणला जा म्हणावं एकदा, मधे मांडवी, मधे जुवारी, मग करमल घाट, आणि तेही बसने, म्हापसा पणजी एक बस, पणजी मडगाव शटल, मडगावहून चावडीची तिसरी. म्हापशाहून एका बाजूने 85 किलोमीटरच्या आसपास पडतं. स्कूटरने जाऊन आलीस तर चार लिटर पेट्रोल गेलं, म्हणजे चारशेच्या आसपास तिथेच, आणि ती तुला देतेय साडेतीनशे. अख्खा दिवस जाणार, रिपोर्ट लिहायला रात्रीचे दोन तास, त्यात रिपोर्ट तपासणाऱ्या एडिटरचे प्रश्न, काउंटरवरच्या मुलाने नाव सांगितलं का, बॅज कुठल्या बाजूला होता, किती मिनिटांनी हॅलो म्हटलं. हे काम तू पैसे देऊन करणार आहेस.

म्हणून माझं पहिलं आणि खरं तर एकच सांगणं आहे, फी बघू नको, हातात काय उरतं ते बघ. वही घाल. किती वाजता घर सोडलं, किती वाजता रिपोर्ट सबमिट झाला, पेट्रोल नाहीतर तिकीट, पार्किंग, खाल्लंस ते (बाहेर पडलं की माणूस पाव भाजी तरी खातोच), बिलाची परतफेड किती मिळणार आणि कितीपर्यंतच मिळणार. रेस्टॉरंटच्या कामात हे विशेष बघ, फी शंभर आणि जेवण फुकट असं सांगतात, पण परतफेडीला मर्यादा असते आणि ऑर्डर मात्र त्यांनी सांगितलेलीच करायची असते, स्टार्टर, मेन, पेय, आणि वरचे दीडशे आपल्या खिशातले. तीन महिने लिहिलंस की कुठलं काम घ्यायचं हे मला विचारावं लागणार नाही.

आता एक गोष्ट सांगते जी मी आजपर्यंत फार कोणाला सांगितली नाही. मी हे सुरू केलं तेव्हा मुलगा लहान होता, घरात पैशांची ओढ होती, आणि मी कशालाही हो म्हणायची. म्हापशातलं, पर्वरीचं, फोंड्याचं, सगळं. एकदा काणकोणचं काम आलं 300 रुपयांत, मी म्हटलं घेते, सकाळी साडेसहाला निघाले आणि रात्री आठला घरी. मला वाटलं मी कष्टाळू आहे. दोन वर्षांनी मडगावच्या एक बाई भेटल्या, ह्याच कामातल्या, माझ्याहून मोठ्या, बोलता बोलता त्या म्हणाल्या की काणकोण आणि केप्याची कामं पूर्वी त्याच करायच्या, 600 आणि बसभाडं मागून घ्यायच्या, मिळायचंही, आणि मग एक दिवस शेड्युलर म्हणाली, मॅडम आता आमच्याकडे म्हापशाची एकजण आहे ती 300त करते. ती एकजण मी. त्यांनी मला काहीच बोल लावला नाही, त्यांना ठाऊकही नव्हतं, आणि मी तिथे बसून चहा पीत राहिले. सांगायचं धाडस झालं नाही. नंतर मी त्यांना फोन करून सांगितलं पण त्याला सहा महिने लागले, आणि तोवर रेट खाली आला तो आलाच. माझ्या हातात त्या तीनशेतले शंभर पण उरले नव्हते आणि त्यांचे सहाशे गेले. तू आज साडेतीनशेला हो म्हणालीस की उद्या साखळीच्या, केप्याच्या कुठल्यातरी मुलीला तोच आकडा दाखवणार आहेत, हे मी तुला घाबरवायला नाही सांगत, मी ते केलंय म्हणून सांगते.

तुला शेड्युलरचा राग आलाय तो मला समजतो, पण ती कोण आहे ते बघ. वर बँक नाहीतर मोबाइलचा ब्रँड, त्याने काम दिलं एका मोठ्या कंपनीला, तिने दिलं इथल्या एजन्सीला, कधीकधी एजन्सी आणखी खाली फील्डवाल्याला देते, प्रत्येकजण आपला वाटा काढतो आणि मग उरलेलं तुझ्यापर्यंत येतं. शेड्युलर बरेचदा स्वतःच कंत्राटावर असते, किती व्हिजिट भरल्या त्यावर तिचं मोजमाप होतं. रेट तिने ठरवलेला नसतो, पण थोडं वर करायची मुभा तिला असते, आणि ती महिनाअखेरीला उघडते. 25 तारखेच्या पुढे, राउंड, म्हणजे त्या खेपेच्या सगळ्या व्हिजिट, बंद व्हायला आला आणि चावडी, वाळपई, पेडणे अजून रिकामं आहे, तेव्हा फोन यायला लागतात आणि तेव्हाच बोनस हा शब्द निघतो. पणजीत म्हापशात कॉलेजची मुलं भरपूर आहेत, तिथे भाव होणार नाही. पण लांबच्या गावाला त्यांच्याकडे माणूस नसतो, त्यात एकाच माणसाला त्याच दुकानात परत लगेच पाठवत नाहीत, म्हणजे तिथे जाणारं माणूस अजूनच कमी. तिथे तुझं चालतं. भांडू नको, चिडका मेसेज टाकू नको, सरळ लिही, "माझा प्रवास खर्च अमुक, फी तमुक असेल तर ह्या तारखेला करते." ती नाही म्हणाली तर ठीक आहे म्हण आणि घरी बस. पहिल्या वेळी पोटात गोळा येईल, वाटेल आता परत कधी बोलावणार नाहीत. मला बोलावलं. एकीने नाही बोलावलं, तिच्याकडची कामं वहीत बघितली तर तोट्याचीच होती.

पैसे थकण्याचं मात्र थोडं लक्ष देऊन वाच. काम घेतलंस की फी, परतफेडीची मर्यादा, पैसे किती दिवसांत, हे सगळं मेलवर आलं पाहिजे, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं असलं तरी आपणच एक मेल टाकायचा की आपलं असं असं ठरलं. दर महिन्याला इन्व्हॉइस पाठवायचं, नंबर घालून, मागितलं नाही तरी. पॅन दिलेलं असू दे, नाहीतर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, जिथे कापायचा तिथे सरळ 20 टक्के कापतात, आणि जो कापलाय तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुझ्या पॅनखाली दिसतोय का ते बघ, कापून न भरणारेही असतात. आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे सरकारकडे लहान उद्योगाची नोंद, कर, आजच कर, आधारवर होतं, फुकट आहे, 2020 च्या जुलैपासून चालू आहे, कुणी पैसे मागितले तर तो एजंट, त्याच्याकडे जाऊ नको. एकट्या माणसाची सर्व्हिससुद्धा सूक्ष्म उद्योगात बसते. ते का, तर 2006 चा लहान उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा म्हणतो की अशा नोंदणीवाल्याचे पैसे, लेखी करार असला तरीही, 45 दिवसांच्या आत द्यायला पाहिजेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. नोंदणी कामाच्या आधीची पाहिजे, मागाहून करून जुन्या बिलाला लावता येत नाही, म्हणून आज कर म्हणते. इथल्या देशातल्या कंपनीलाच हे लागू, बाहेरच्या कंपनीने थेट काम दिलं असेल तर नाही.

माझे 2022 साली सात महिन्यांचे पैसे अडकलेले, एजन्सीचं नाव लिहित नाही, रोज एकच उत्तर, क्लायंटकडून आले नाहीत. मी एक साधा मेल टाकला, इन्व्हॉइस नंबर, तारखा, माझा उद्यम नंबर, आणि शेवटी की 15 दिवसांत आले नाहीत तर थकलेल्या बिलांच्या तक्रारीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज टाकते. शिव्या नाहीत, विनवण्या पण नाहीत. त्याआधी मी विनवण्याच करत होते, घरी अडचण आहे, मुलाची फी भरायचीय, त्याने काही झालं नव्हतं. मेलनंतर बाराव्या दिवशी बरेचसे आले. सगळे नाही आले, दोन बिलं आमच्याकडे रिपोर्टच नाही म्हणून बुडवली, कारण माझ्याकडे सबमिट केल्याचा स्क्रीनशॉट नव्हता. म्हणून स्क्रीनशॉट. दर वेळी.

रात्रीचं काम एकटी घेऊ नको. मी कळंगुटला रात्री नऊचं डिनर ऑडिट घेतलेलं, साडेदहाला बाहेर पडले तर बस नाही, पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी नाही, टॅक्सीवाल्याने जे मागितलं ते माझ्या फीच्या तिप्पट. सोबत माणूस नेता येईल का, परतीचं भाडं मिळेल का हे विचारून घे, नाहीतर त्या कामाला नाहीच म्हण, कितीही देऊ देत. आणि काम देण्याआधी रजिस्ट्रेशन फी नाहीतर डिपॉझिट मागणारा, टेलिग्रामवर टास्क देणारा, तो ह्या धंद्यातला नाहीच. चुकून कुठे पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लाव.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते. पैसे कमी मिळतात म्हणून काहीजण घरी बसून रिपोर्ट भरतात, मला माहीत आहेत असे, जुन्या बिलावर, नाहीतर दुकानात पाच मिनिटं डोकावून. तू म्हणालीस ना, साडेतीनशेत एवढंच मिळेल त्यांना. बाय, असं करू नको. त्या रिपोर्टमध्ये काउंटरवरच्या पोराचं नाव जातं. पेट्रोल पंपावर मीटर शून्य दाखवलं का ह्या रकान्यात तू न बघताच "नाही" असं लिहिलंस तर तिथल्या पोराचा पगार कापला जाणार, त्याचा पगार पण असाच आहे, आठ तास उन्हात उभा राहून. मी एकदा फोंड्याला एका मुलीबद्दल लिहिलेलं की ग्राहकाकडे लक्ष दिलं नाही, आणि ते खरं होतं, पण दुकानात तेव्हा ती एकटी होती आणि सातजण रांगेत होते, हे मी लिहिलं नाही कारण रकाना नव्हता. पुढच्या राउंडला ती तिथे नव्हती. का नव्हती मला माहीत नाही, पण तेव्हापासून मी शेरा लिहायच्या जागेत किती माणसं कामावर होती आणि किती रांगेत ते लिहितेच, विचारलं नसलं तरी. तुला कमी पैशाचं काम नको असेल तर घेऊ नको. घेतलंस तर सहाशेत केलं असतंस तसंच कर.

सोडू का विचारलंस. ह्या कामावर घर चालणार नाही, ते मी तुला पहिल्या दिवशीच सांगितलेलं. बीकॉमचं शेवटचं वर्ष आधी, हे त्याच्या बाजूला. महिन्यात चारपाच बरी कामं, रस्त्यात पडणारी, एकाच फेरीत दोन जमणारी, एवढंच घेतलंस तर चालेल, बघायची आणि लिहायची सवय चांगली लागते, मला ती आवडते म्हणून मी अजून करते. तेही नको वाटलं तर सोड, माझ्याकडे तोंड लपवू नको.

मार्चच्या पैशांचा मेल आपण मिळून लिहू. शुक्रवारी मी बाजाराला येतेच, अकराच्या सुमाराला, तू बिलं, मेल सगळं फोनमध्ये एका फोल्डरमध्ये घालून आण. आणि चावडीच्या त्या कामाला आत्ता काहीच उत्तर देऊ नको, आज 19 तारीख आहे.

तुझी,
ताई