फोटो चढवले, पण सापडत नाहीत

प्रश्न : आमची सांगलीची हौशी नाट्यसंस्था. सभासदांच्या घरचे जुने फोटो गोळा करून स्कॅन केले, भाच्याने संगणकावर रिसोर्सस्पेस (फोटो साठवून माहितीवरून शोधायचं सॉफ्टवेअर) बसवून दिलं. दोन महिन्यांत ४,२०० फोटो अपलोड झाले. आता १९७८ चं काही शोधलं तर एकही येत नाही, सगळे यंदाचेच दिसतात. सगळं पुसून वर्षवार फोल्डर करू का?

उत्तर : पुसू नका काही. फाइलला चिकटलेली तारीख स्कॅनरची आहे, प्रयोगाची नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोत टिपल्याची तारीख असते. स्कॅनरला बिचाऱ्याला काय ठाऊक, नाटक कधी झालं! मी एका दैनिकाच्या फोटो विभागात होते तेव्हा खडी फोडणाऱ्या बायकांचा १९७२ च्या दुष्काळातला फोटो याच घोळापायी २००८ चा म्हणून छापून गेला. सकाळी एका आजींचा फोन : “अगं, त्यातली डावीकडची मी!”

तेव्हा प्रयोगाच्या तारखेला वेगळा रकाना करा. दिवस माहीत नसेल तर नुसतं साल, तेही नसेल तर रिकामा सोडा. अंदाजाने १ जानेवारी ठोकू नका. दोन वर्षांनी तीच तारीख खरी वाटायला लागते.

फोल्डरचा मोह सोडा. एकाच फोटोत नाटक असतं, नट असतो, नाट्यगृह असतं. फोल्डरात त्याला एकच जागा. रकाने भरले की तो तिन्हीकडून सापडतो. नाटक, तारीख, स्थळ, डावीकडून उजवीकडे नावं आणि फोटो कुणाकडून आला, एवढे पुरेत. एका प्रयोगाचे फोटो एकत्र निवडून एकदमच माहिती भरता येते, त्यामुळे ४,२०० वेळा टंकावं लागणार नाही.

नावं मात्र ठरलेल्या यादीतूनच निवडायची. नाहीतर एकाच माणसाचे तीन नट होतात : पूर्ण नावाचा, आद्याक्षरांचा आणि ‘अण्णा’. तुमच्यात एखादे वकील असतीलच. त्यांच्या नावामागचं ‘ॲड.’ दोन तऱ्हांनी टंकलं जातं : ‘ॲ’ हे एकच अक्षर, किंवा ‘अ’ टंकून त्यावर वेगळा चंद्र. डोळ्यांना सारखंच, संगणकाला वेगळं. मी यावर एक अख्खी दुपार घालवली आहे.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत घेऊ नका. ती आकाराने लहान होते, आतली तारीखही जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. शिवाय तोच फोटो आधी चढवलेला असला, तरी ही लहान झालेली प्रत दुहेरी म्हणून पकडली जात नाही, कारण फाइल बदललेली असते.

नवं अपलोड महिनाभर थांबवा. चेहरे ओळखणारी जुनी मंडळी बोलवा, चहा ठेवा, एका बैठकीला पन्नास फोटो. त्याहून जास्त नको, मग गप्पाच होतात.

आणि हो, फोटोंची मागची बाजू स्कॅन केली आहे ना? स्टुडिओचा शिक्का, निळ्या शाईतलं साल तिथेच असतं. नसेल केली, तर मूळ प्रती परत द्यायच्या आधी करून घ्या.