हुशार आहे, पण लिहीत नाही

ताई, तुमच्या मुलाबद्दलचा ‘एवढा हुशार असून लिहायचा कंटाळा करतो’ हा शेरा कृपया मनावर घेऊ नका. सोलापुरी चादरीच्या मागावर जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) पुठ्ठ्यातील छिद्रांमुळे कोणता धागा उचलला जातो हे नेमके सांगणारे मूल वहीत मात्र वेलांट्या आणि जोडाक्षरे गाळते, तेव्हा तो आळस नसून अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, असू शकते. बुद्धी ती उणीव झाकते, उणीव बुद्धीला झाकते आणि गुण मधलेच आल्याने कोणाचेच लक्ष जात नाही. मानसशास्त्रीय चाचणीनंतर एकूण बुद्ध्यांकावर न थांबता प्रत्येक उपचाचणीचे (चाचणीतील वेगवेगळ्या भागांचे) गुण मागून घ्या, कारण खरी तफावत तिथेच दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या अक्षमतेचा समावेश आहे. या अक्षमतेचे प्रमाणपत्र वेळेत काढल्यास दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. शाळेकडे मात्र एक गोष्ट ठामपणे मागा: उत्तराचा आशय आणि शुद्धलेखन यांचे गुण वेगळे द्यावेत. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावणे आजपासूनच थांबवा. त्याऐवजी तो फोडून, मोठ्याने उच्चारून, बोटाने गिरवून घ्या, आणि मूल थकलेले दिसले की तिथेच थांबा.